दोरी आपल्या हातात, नजर पुढच्या कुत्र्यावर



या खेपेला पिकाचे नाही, खताचे नाही, कुत्र्याचे लिहितो आहे. त्याला कारण एक पत्र. सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनींनी ते धाडले आहे. त्यांचा मुलगा लालबागला राहतो. सासरे गिरणीत होते तेव्हाची चाळीतली खोली. आता त्या जागी उंच इमारत झाली आणि मंडळी सोळाव्या मजल्यावर गेली. बारा वर्षांच्या नातवाने हट्ट करून घरात कुत्रा आणला. शाळेला जाण्याआधी तो त्याला खाली फिरवून आणतो. खाली गल्लीत चार-पाच कुत्री आहेत आणि रोज काही ना काही झोंबाझोंबी होते. बाई लिहितात, "परवा पोराच्या पोटरीला ओरखडा निघाला. रक्त नव्हतं, म्हणून हळद-चुना लावला. तुम्ही शेतकीचे साहेब, पण जनावरांचंही लिहिता म्हणून विचारते. आपलं कुत्रं गरीब आहे हो. पण पुढून येणारं कसं आहे, ते पोराला कसं कळावं?"

ओरखड्याचे उत्तर मी टपालावर सोडले नाही. पत्रात फोनचा नंबर होता, तो त्याच दिवशी लावला. त्याविषयी पुढे लिहिणारच आहे. बाईंचा शेवटचा प्रश्न मात्र लाखमोलाचा आहे. कुत्रा पाळणारे लोक आपल्या कुत्र्याचे कौतुक सांगतात. पुढच्या कुत्र्याकडे पाहायला कोणी शिकवत नाही.

पुसेगावच्या बाजारात बैल पाहायला गेलेला जाणता शेतकरी आधी दाताला हात घालत नाही. चार हात लांब उभा राहतो. बैल कान कसे धरतो, डोळ्याचा पांढरा भाग किती दाखवतो, मागून माणूस गेला तर पाय उचलतो का, नाकाने फुसकारतो का, हे पाहून झाले की मग जवळ जातो. बैल मारका आहे हे विकणारा सांगत नसतो, बैलच सांगतो. ज्याच्या घरात ही नजर आहे त्याला कुत्रा ओळखणे जड नाही. आपल्या बोलीतच ते सगळे आलेले आहे. शेपूट घालणे, गोंडा घोळणे, कान टवकारणे, दात विचकणे, हे शब्द आपण माणसांना लावतो आणि मुळात ते कोणाकडे पाहून सुचले ते विसरतो.

आधी शेपटीचे सांगतो, कारण फसगत तिथेच होते. "शेपटी हलवतोय, काही करत नाही," या भरवशावर पुष्कळांनी चावून घेतले आहे. शेपटी मध्यावर किंवा थोडी खाली, सैल, आणि तिच्याबरोबर कंबर आणि ढुंगणसुद्धा हलत असेल तर तो गोंडा घोळणे झाले. तिथे भीती नाही. पण शेपटी काठीसारखी उभी, ताठ, आणि नुसते टोक थरथरल्यासारखे भराभर हलत असेल, तर तो कुत्रा तापलेला आहे. पायात गेलेली शेपटी भीतीची. भ्यालेल्या कुत्र्याला पळायला वाट असली तर तो पळतो, वाट नसली तर चावतो. म्हणून शेपूट घातलेल्या कुत्र्याला कोपऱ्यात गाठणे हे उभ्या शेपटीच्या कुत्र्याला गाठण्याइतकेच वाईट.

इटलीत बारी आणि त्रिएस्ते येथील शास्त्रज्ञांनी २००७ साली तीस कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले, की मालक दिसला की कुत्र्याची शेपटी जरा उजवीकडे जास्त झुकून हलते, आणि समोर अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. गोष्ट मोठी नवलाची आहे, पण भर रस्त्यात हे डावे-उजवे मोजत बसू नये. तोपर्यंत व्हायचे ते होऊन जाईल.

शिवाय शेपट्या सारख्या नसतात. आपल्या गावठी कुत्र्याची शेपटी विळ्यासारखी वर वळलेली असते, ती त्याची रोजचीच. पॉमेरेनियनची पाठीवर पडलेली असते. दादरला संध्याकाळी चपट्या तोंडाचे पग पुष्कळ दिसतात. त्यांच्या तोंडावर मुळातच सुरकुत्या, डोळे बटबटीत आणि श्वास घोरल्यासारखा. दुसऱ्या कुत्र्याला ती घरघर म्हणजे गुरगुर वाटू शकते. म्हणून एकट्या शेपटीवरून किंवा कानावरून निकाल देऊ नये. सगळे अंग सैल आहे की आवळलेले, हे पाहावे. सैल कुत्र्याचे तोंड अर्धे उघडे असते, जीभ बाहेर, चाल किंचित नागमोडी.

मग ते तोंड मिटते. माझ्या मते पोराला एकच खूण शिकवायची असली तर ही शिकवावी. समोरचा कुत्रा चालता चालता थांबला, तोंड मिटले, मान पुढे काढली आणि डोळे न हलवता पाहू लागला, की पुढच्या दोन-तीन श्वासांत काहीतरी ठरणार असते. भुंकण्याच्या आधी, दात दिसण्याच्या आधी ही एक थिजलेली घडी येते. आपण मोबाइलमध्ये पाहत असलो तर ती जाते, आणि मग आपण म्हणतो, "काही कारण नसताना एकदम अंगावर आला."

पाठीवरचे केस उभे राहिले की लोक घाबरतात. तो नुसता अंगावर काटा येण्याचा प्रकार आहे. भीतीने येतो, रागाने येतो, खेळाच्या भरातही येतो. त्यावरून कुत्रा पेटला आहे एवढे कळते, कशाने पेटला ते कळत नाही. पुढचे पाय पसरून छाती जमिनीला आणि मागचा भाग वर, असा कुत्रा दिसला तर तो खेळायला बोलावतो आहे. ही खूण सहसा खोटी निघत नाही.

आता "भुंकणारा कुत्रा चावत नाही" या म्हणीविषयी. म्हण जुनी असली तरी पोराच्या पोटरीचा भरवसा तिच्यावर ठेवू नये. भुंकणारा कुत्रा म्हणतो, "लांब राहा." आपण लांब राहिलो तर बहुधा तो चावत नाही, इतकेच त्या म्हणीत खरे आहे. न भुंकता, डोके खाली घालून सरळ रेषेत येणारा कुत्रा जास्त वाईट.

सरळ रेषा हा शब्द ध्यानात ठेवावा. दोन शहाणे कुत्रे एकमेकांना भेटताना नाकासमोर नाक करून कधी येत नाहीत. थोडे वळण घेऊन बाजूने येतात, तोंड दुसरीकडे वळवतात, उगीचच जमीन हुंगतात, ओठांवरून जीभ फिरवतात, मध्येच जांभई देतात. नॉर्वेतल्या तुरिद रूगोस या बाईंनी आयुष्यभर कुत्री शिकवली. त्यांनी या बारीक खुणा टिपून ठेवल्या आणि त्यांचा अर्थ सांगितला: "मला भांडायचे नाही, तूही शांत हो." एखाद्या बांधावरून दोन भाऊबंद जाताना जसे एकमेकांकडे न पाहता "पाऊस लांबला म्हणायचा" एवढेच बोलून पुढे सरकतात, तसेच हे. समोर कुत्रा दिसल्यावर आपला कुत्रा अचानक जमीन हुंगू लागला, तर त्याला "चल, चल" म्हणून ओढू नये. तो त्याचे काम करतो आहे.

आणि इथेच आपण घोटाळा करतो. समोर कुत्रा दिसला की आपला हात आपोआप दोरी आवळतो. दोरी ताणली की कुत्र्याची मान वर होते, छाती पुढे येते, पुढचे पाय जमिनीवरून हलके होतात. समोरच्या कुत्र्याला काय दिसते? मान वर, छाती पुढे, सरळ अंगावर येणारा गडी. आपला गरीब कुत्रा काही न बोलता शिवी देऊन बसतो. वळण घ्यायला, तोंड फिरवायला, खाली हुंगायला त्याला दोरीच राहिलेली नसते. वर पळून जाण्याची वाटही नाही, म्हणून तो आणखी भितो आणि स्वतःच भुंकू लागतो. दाव्याला बांधलेला कुत्रा सुट्या कुत्र्यापेक्षा तिखट का होतो, याचे एक कारण हेच. बैल चालवताना कासरा हातात असतो, पण जाणता माणूस तो ताणून धरत नाही. कुत्र्याच्या दोरीचेही तसेच: हातात पक्की, गळ्याशी ढिली. वाटेवर नेताना चार-सहा हात सैल दोरी पुरते.

हे सगळे मुंबईत अवघड का होते ते जागा पाहिल्याशिवाय कळत नाही. मागे कामानिमित्त परळला आठ दिवस राहणे झाले. मला पहाटे फिरायची सवय, म्हणून लालबागच्या बाजारापासून भारतमाताच्या चौकापर्यंत आणि पुढे परळच्या बाजूला चक्कर होत असे. आपल्याकडे जशी एका वस्तीची कुत्री ओढ्यापलीकडच्या वस्तीवर जात नाहीत, तशी तिथे गल्लीची हद्द असते. एका गल्लीचे चार, दुसऱ्या गल्लीचे पाच. परके कुत्रे आले की तोंडापर्यंत भुंकत सोडायला येतात, आणि हद्द संपली की जणू कोणी रेघ मारली आहे तसे थांबतात. मटण-मासळीच्या दुकानाजवळ आणि सकाळी कोणी खायला घालते त्या जागी हद्द जास्त कडक. पहाटे रस्ता मोकळा असतो तेव्हा कुत्री जास्त हिंडती असतात. नेमके तेव्हाच नोकरदार माणसे आपला कुत्रा खाली आणतात.

गिरगावात आणखी एक अडचण. तिथल्या वाड्यांची तोंडे अरुंद. वाडीतून बाहेर पडावे तर समोरून येणारा कुत्रा एकदम नाकाशीच येतो. वळण घ्यायला जागा नाही, शांत होण्याच्या खुणा करायला वेळ नाही. त्याउलट दादरला शिवाजी पार्कच्या मैदानाकडेने चालले तर दोन कुत्री एकमेकांना लांबून पाहतात आणि मध्ये अंतर ठेवून निघून जातात. कुत्री तीच, पण एका ठिकाणी बोलायला सवड मिळते, एका ठिकाणी मिळत नाही. म्हणून वाडीच्या किंवा जिन्याच्या तोंडाशी आधी आपण पुढे होऊन दोन्हीकडे पाहावे आणि मग कुत्रा बाहेर काढावा.

समोरून कुत्री आली तर काय करावे, हे नातवासाठी लिहितो. पळू नये. पळणाऱ्याच्या मागे लागणे कुत्र्याच्या रक्तात आहे. डोळ्याला डोळा लावू नये. आपल्या कुत्र्याला आपल्या दुसऱ्या अंगाला घ्यावे, म्हणजे मध्ये आपण येतो, आणि रस्ता ओलांडून किंवा अर्धगोल वळून ज्या बाजूने आलो तिकडे चालत निघावे. हद्द संपली की ती थांबतात. आपल्याकडे दगड उचलण्यासाठी वाकल्यासारखे केले की कुत्री मागे सरतात. हे खरे आहे. आपली रस्त्यावरची कुत्री माणसाचे हातवारे फार चांगले ओळखतात. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांवरच प्रयोग करून हे दाखवले आहे. माणूस धमकावतो आहे की जवळ बोलावतो आहे हे ती ओळखतात आणि तसे वागतात. तरी पोराने वाकू नये असे माझे मत. एकटा कुत्रा हटेल, पण चार असले तर एखादा जास्तच चिडतो, आणि वाकल्यावर पोराचे तोंड कुत्र्याच्या तोंडापाशी येते.

मारामारी जुंपलीच तर मध्ये हात घालू नये. सोडवताना चावलेला बहुतेक वेळा आपलाच कुत्रा असतो, कारण त्या घडीला तो कोणाचे तोंड, कोणाचा हात हे पाहत नाही. पाण्याची बादली सापडली तर ओतावी, जवळचे गोणपाट मध्ये टाकावे. लहान कुत्रा उचलून कडेवर घेतला की दुसरी कुत्री त्याच्यासाठी आपल्या अंगावर उड्या मारतात, हेही सांगून ठेवावे.

मुंबईतल्या पुष्कळ कुत्र्यांच्या कानाला खाच दिसते. ती कोणी मारल्याची नाही. निर्बीजीकरण केले की खूण म्हणून कान कापतात आणि त्याच वेळी पिसाळण्याविरुद्ध लसही टोचतात. त्या शहरात कुत्र्यांवरून भांडणे फार जुनी. १८३२ च्या जून महिन्यात सरकारने भटकी कुत्री मारायला माणसे लावली, तेव्हा कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या पारशी मंडळींनी कोटात दंगा केला होता आणि दुकाने बंद ठेवली होती. पुढे पालिकेनेही वर्षानुवर्षे कुत्री मारली; १९९० नंतरच्या काळात ते थांबले आणि १९९८ साली मुंबई उच्च न्यायालयाने निर्बीजीकरणाचा रस्ता घालून दिला. खाच असलेला कुत्रा बहुधा आपल्या गल्लीत मुरलेला, भांडणाला कमी असतो. पण खाच म्हणजे लसीचा दाखला नव्हे. लस पुन्हा पुन्हा टोचावी लागते, आणि खाच आठ वर्षांपूर्वीचीही असू शकते.

आता ओरखडा. बाईंना फोनवर पहिले वाक्य हेच सांगितले, की आजच्या आज पोराला दवाखान्यात न्यायला सांगा. रक्त नसले तरी कातडे खरवडले गेले असेल तर लस घ्यावीच लागते. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत दुसरे एक औषध टोचतात, तेही मागून घ्यावे. जखम झाल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबणाने घड्याळ लावून पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल, रुईचा चीक यांतले काही लावू नये. मुलगा परळच्या पालिका रुग्णालयात नातवाला घेऊन गेला, लस सुरू झाली. बाईंना धास्ती होती ती पोटातल्या चौदा इंजेक्शनांची. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस होती. ती देशात केव्हाच बंद झाली. आता दंडात टोचतात आणि चार किंवा पाच वेळा बोलावतात. एकही तारीख चुकवू नये. पिसाळण्याचा रोग एकदा माणसात दिसू लागला की औषध नाही. लस वेळेवर घेतली तर मात्र तो होत नाही म्हटले तरी चालेल. "कुत्रं दहा दिवस जगतंय का बघू" म्हणून थांबून राहू नये. कुत्र्यावर नजर ठेवावी, पण लस पहिल्या दिवसापासून.

पिसाळलेला कुत्रा कसा ओळखावा, तर वर लिहिलेले काहीच त्याला लागू पडत नाही, ही त्याची खूण. तो हद्द पाळत नाही. थिजत नाही, बजावत नाही, वाटेत येईल त्याला चावून पुढे जातो. दुसरा कुत्रा तोंड फिरवून शांत व्हायला सांगतो तेही त्याला कळत नाही. काही कुत्री उलट मुकी होतात, कोपऱ्यात पडून राहतात, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो. त्यांना दया येऊन पाणी पाजायला जाऊ नये. हेच गाई-म्हशीत होते, आणि तिथे आपली माणसे फसतात. गाय गिळत नाही, लाळ गाळते, म्हणून घशात काही अडकले असेल असे समजून हात घालतात. कुत्रा चावल्याची शंका असलेल्या जनावराच्या तोंडात हात घालू नका, पशुवैद्यकाला बोलवा. मुंबईकरांना परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच आवारातले बाई साकरबाई पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ जवळ आहे. महाविद्यालय १८८६ पासूनचे. आपल्याला तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना आहे.

राहिला हंगाम. भादव्यातल्या कुत्र्यांचे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पावसाळा ओसरताना कुत्री माजावर येतात. एकेका मादीमागे सहा-सहा नर लागतात, आणि एरवी हद्द पाळणारी कुत्रीही ती मोडतात. त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी पिले होतात, म्हणून दिवाळीनंतर थंडीत हातगाड्यांखाली, उभ्या मोटारींखाली, आपल्याकडे कडब्याच्या गंजीआड पिले सापडतात. पिलांची आई समोर आली तर दुसरा रस्ता धरावा. तिथे कोणतीही खूण शोधत थांबू नये.

आणि गौरी-गणपती येतात ते त्याच भादव्यात. मुंबईची लेकरे गावी येताना आता कुत्राही गाडीत घालून आणतात. ढोल-फटाक्यांनी तो आधीच भेदरलेला असतो, वर गावची मोकळी कुत्री त्याच्याभोवती जमतात. त्याला लस झाली आहे का हे निघण्याच्या महिनाभर आधी फोन करून विचारा. आल्या आल्या पारावर नेऊ नका. पहिले दोन दिवस बांधाबांधाने, रानातल्या मोकळ्या वाटेने हिंडवा, दोरी लांब ठेवा, म्हणजे गावची कुत्री त्याला लांबून पाहतील. रानात धनगराचा वाडा बसलेला असेल तर लांबूनच हाळी द्या, धनगराने आपली कुत्री बोलावल्यावरच पुढे व्हा, नाहीतर वाट बदला. मेंढरांच्या कुत्र्याशी मुंबईच्या कुत्र्याची ओळख करून देण्याची काही गरज नाही.